बोरघाटाच्या पायथ्याचे ऋण

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले आणि खोपोली मागे पडली, की घाटाच्या चढणीवर शिंगरोबाचे देऊळ लागते. मालमोटारींचे चालक तेथे गाडी हळू करतात, खिडकीतून एक नाणे टाकतात आणि पुढे जातात. द्रुतगती मार्ग झाल्यापासून ही प्रथा पाहणारे प्रवासी कमी झाले, तरी ती मोडलेली नाही. शिंगरोबा हा धनगर. साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली आणि वाट सापडल्यावर साहेबाने त्यालाच गोळी घातली, अशी या भागातली कथा. ती लोककथा आहे. इतिहासाच्या काटेकोर कसोटीला ती उतरावी असा आमचा आग्रह नाही. परंतु एखादा मुलूख आपल्या मनात काय जपून ठेवतो, हे लोककथेतूनच कळते. वाट दाखवणाऱ्याचे देणे राहून गेले आहे, ही जाणीव त्या नाण्यामागे आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांविषयी आपल्या वाचकांसाठी काही लिहावे असे मनात आले, तेव्हा हेच राहिलेले देणे आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. या डोंगराळ भागात गोरगरिबांना सुवार्ता कशी सांगावी, हा विषय आम्हा धर्मगुरूंच्या बैठकांतून पुष्कळदा निघतो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. सुवार्तेच्या आरंभीच पश्चात्तापाची हाक आहे आणि या मुलखात ती हाक आधी सांगणाऱ्यालाच ऐकावी लागेल, ऐकणाऱ्याला नंतर. असे का, ते इतिहासातूनच पाहावे.

रायगड जिल्ह्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा विचार आला, की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येतो: चौल, रेवदंडा, कोर्लई. पोर्तुगीजांनी तेथे १५२१ साली बस्तान बसवले, चर्चे उभारली, मठ बांधले. १७४० साली चौल मराठ्यांच्या हाती गेले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी आपली श्रद्धा टिकवली आणि आपली पोर्तुगीज वळणाची बोलीही टिकवली. पण ही सारी खाडीच्या आणि किनाऱ्याच्या काठची गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास आणि पेज या नद्यांच्या खोऱ्यात, राजमाची आणि इर्शाळगडाच्या सावलीत राहणाऱ्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी लोकांपर्यंत ती पोहोचली नाही. कर्जत तालुका खालापूर पेट्यासह १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाब्याला जोडला गेला. (त्याच वर्षी तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. योगायोगच तो, पण आम्हाला तो विसरता येत नाही.) १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले.

या खोऱ्यात ख्रिस्ती माणूस खऱ्या अर्थाने वस्तीला आला तो आगगाडीबरोबर. कल्याणहून निघालेला लोहमार्ग मे १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीला पोहोचला. त्याच वर्षाच्या आरंभी घाटाचे काम सुरू झाले होते. ते सात वर्षे चालले. पंचवीस बोगदे, पूल आणि कमानी, आणि सारे काम सुरुंगाच्या दारूवर व माणसाच्या हातांवर. १८६१ च्या जानेवारीत या एका घाटावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. देशावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली ही माणसे बायकामुलांसह डोंगराच्या उतारावर झोपड्यांत राहत. पटकी आली की झोपडीच्या झोपड्या रिकाम्या होत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच दगावला. पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर चालवून पुरा केला. तिच्याविषयी आज कौतुकाने लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ट्रेडवेलचे नाव राहिले. त्या घाटात हजारोंनी मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव कोणाच्या ओठांवर नाही.

या बांधकामातील एका प्रसंगाकडे मात्र आम्हाला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. १८५९ च्या जानेवारीत, ट्रेडवेलच्या आधीचा ठेकेदार फॅव्हिएल याच्या कारकिर्दीत, मजुरी थकल्यामुळे घाटावरील मजूर खवळले. दंगल झाली आणि तीत एका युरोपियनाचा जीव गेला. मजुरी थकत होती ती बहुधा वरच्या ठेकेदारापाशी नव्हे; मधल्या हातांत ती अडकत असे, आणि मजुराला आपण कोणाकडे दाद मागावी हेच कळत नसे. सरकारने १८६० चा नववा कायदा केला. लोहमार्ग, कालवे अशा कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा झटपट निवाडा करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. त्याच कायद्याने काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने बांधले, असा हा न्याय. मजुरी अडवून ठेवली तर त्या मजुरीचाच आक्रोश देवाच्या कानी पडतो, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. घाटावरच्या साहेबांपैकी कितीकांनी रविवारच्या उपासनेत ते वाचन ऐकले असेल!

१८६३ च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. त्यानंतर कर्जत हे आगगाडीच्या जगातले महत्त्वाचे नाव बनले, कारण घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने तेथेच जोडावी लागतात. रेल्वेच्या नोकरीत त्या काळी अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती पुष्कळ. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, स्टेशन मास्तर अशा नात्याने ही माणसे मार्गालगतच्या वसाहतींतून राहू लागली आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा धर्मही आला. आपल्या माणसांची नीट सोय व्हावी, त्यांना मिस्सा आणि संस्कार मिळावेत, म्हणून धर्मगुरू आले. यात गैर काहीच नाही. परंतु रुळांच्या एका बाजूला आमची प्रार्थना सुरू झाली आणि दुसऱ्या बाजूला, शंभर पावलांवर, कातकरवाडी जशी होती तशीच राहिली. नगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरू आणि अमेरिकन मराठी मिशनचे लोक दलितांच्या वस्त्यांतून जाऊन राहिले, दुष्काळात त्यांच्याबरोबर उपाशी राहिले. तसे येथे घडले नाही. येथे आम्ही गाडीतून उतरलो आणि फलाटावरच थांबलो, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

या लोकांकडे लक्ष गेले ते प्रथम एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे, त्यांनी उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी या वन्य जमातींवर लिहिलेला निबंध १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काथोडी म्हणजेच आपले कातकरी. खैराच्या झाडाचा गाभा तासायचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, तो अर्क गाळून आटवायचा आणि वड्या पाडून वाळवायच्या. हा कात म्हणजे त्यांची ओळख आणि त्यांचे पोट. विड्यात रंगणारा कात घराघरांत गेला. करणारा मात्र रानातच राहिला. रामाच्या सैन्यातील वानरांचे आपण वंशज, असे ते सांगत. सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे त्यांच्यात भेद.

मग जंगलाचा कायदा आला. १८७८ च्या कायद्याने राने राखीव झाली, खैर सरकारचा झाला, आणि कातकऱ्याचा धंदा एका पिढीत गुन्हा ठरला. फिरती शेती बंद झाली. तिच्या बदल्यात डोंगरउतारावर कसण्यासाठी वनजमिनीचे तुकडे देण्यात आले. त्यांना या जिल्ह्यात दळी म्हणतात. दळी बहुधा एका म्होरक्याच्या नावाने आणि कसणारी घरे अनेक. म्होरक्या गेला की कागद कोणाचा आणि जमीन कोणाची, हा गुंता नातवंडांपर्यंत चालत आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दळीधारकांना दावे करता आले. काहींना पट्टे मिळाले, कित्येक अजून खेटे घालतात. अनेक कातकरवाड्या तर दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. कर्जतला जमिनीचे भाव चढले, मुंबईकरांची फार्महाऊसे उभी राहिली, त्यात आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही आहेत, तेव्हा वाडीभोवती कुंपण पडले आणि पाणवठ्याची पायवाट बंद झाली असे प्रकार घडू लागले. जमीन कागदावर स्वच्छ असते. पायवाट कागदावर नसते.

रान गेले, तेव्हा कातकऱ्यापाशी विकण्याजोगे एकच उरले, ते म्हणजे त्याचे अंग. आधी कोळशाच्या भट्ट्या आल्या, नंतर विटांच्या. ही व्यवस्था कशी चालते, हे आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सविस्तर सांगतो. आषाढ-श्रावणात वाडीवर काम नसते आणि घरात दाणा नसतो. त्या वेळी भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम येतो आणि जोडप्याला उचल देतो. भात घ्यायला, औषधाला, लग्नाला, गणपतीला ती संपते. दिवाळी झाली की जोडपे मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पाऊस पडेतो तेथेच राहते. माती कालवायची, विटा पाडायच्या, वाळवायच्या, रचायच्या. मजुरी हजारी विटांवर. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, तीही वहीत चढते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. वही मालकाची, पेन मालकाचे, आणि अंगठा कातकऱ्याचा. उचल आणि खर्ची वजा जाता पुष्कळदा हाती काही राहत नाही, उलट काही अंगावर निघते आणि तेवढ्यापोटी पुढचा हंगाम आधीच विकला जातो. मुलांची शाळा दिवाळीला सुटते ती सुटतेच.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगार नष्ट झाली आणि अशा बांधून ठेवणाऱ्या कर्जाची परतफेड करण्याची जबाबदारीही कायद्याने संपली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने, मजुराला सक्तीने राबावे लागते असे दिसले तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, असेही सांगितले. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. वहीतले आकडे त्याहून जुने आहेत.

आता आमची स्वतःची एक गोष्ट. ती सांगणे आम्हाला सुखाचे नाही, पण टाळली तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, सेमिनरीतून बाहेर पडून आम्हाला काही थोडीच वर्षे झाली होती. आमच्या धर्मग्रामातील एका उदार गृहस्थाने नवी वीटभट्टी सुरू केली आणि आशीर्वादासाठी आम्हाला बोलावले. माणूस भला, रविवारची मिस्सा कधी चुकवत नसे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गखोलीसाठी लागणाऱ्या सगळ्या विटा त्याने फुकट दिल्या होत्या. आम्ही स्टोला घालून प्रार्थना केली, भट्टीभोवती फिरून पवित्र पाणी शिंपडले. मातीने माखलेले मजूर एका बाजूला उभे होते. त्यांतली एक कातकरी बाई पुढे आली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या देवाला सांगा, आमचा हिशेब एकदा पुरा होऊ दे.” मुकादमाने तिला मागे सारले. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोललो, देव तुझे भले करो, असे काहीसे, आणि जेवायला गेलो. जेवण उत्तम होते. ते अजून आठवते, हीच लाज.

तिचे कुटुंब जुन्या बाकीपोटी त्याच मालकाकडे चौथा हंगाम काढत होते, हे आम्हाला पुढे कळले. त्याहून पुढे, आणखी उशिरा, लक्षात आले ते असे की वर्गखोलीच्या त्या फुकट विटा कोणीतरी पाडल्या होत्या आणि त्या त्यांच्या हिशेबात कशा चढल्या, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या खोलीत आम्ही मुलांना दहा आज्ञा शिकवल्या.

त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही शुक्रवारी मांस वर्ज्य करण्यावर प्रवचन दिले होते. दोन वर्षांनी धीर करून त्या गृहस्थाशी बोललो. तो रागावला नाही, दुखावला. म्हणाला, “फादर, मी उचल दिली नाही तर पावसात ही माणसं खाणार काय? तुम्ही देणार आहात का?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरा होता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर याच तालुक्यात, आमच्या जन्माआधी कोणीतरी देऊन ठेवले होते. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, ज्यांना सारा मुलूख भाई कोटवाल म्हणतो, त्यांनी कर्जतच्या शेतकऱ्यांना आणि आदिवासींना पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून धान्याच्या पेढ्या काढल्या. सुगीला भात जमा करायचे, टंचाईत तेथूनच उसने न्यायचे आणि पुढल्या सुगीला फेडायचे. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले, आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण दरवर्षी होते. धान्याच्या पेढीचे स्मरण त्या मानाने कमी होते. आम्हाला मात्र तीच अधिक मोलाची वाटते. कारण उचलीची मगर ज्या पाण्यात राहते, ते पाणीच त्यांनी आटवायला घेतले होते.

संत लूकच्या शुभवर्तमानात पश्चात्तापाची शिकवण कशी येते, ते एकदा या दृष्टीने पाहावे. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही करावे तरी काय? तो त्यांना उपवास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्याहून जास्त घेऊ नये. शिपायाने कोणाला लुबाडू नये. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलाच पश्चात्ताप. पुढे जक्कय भेटतो. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, एवढ्यानेच त्या माणसाने वही उघडली: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. आमचे येथे उलटे झाले. आम्ही जक्कयच्या घरी जेवलो आणि वही मिटलेलीच राहिली. दोष एकट्या यजमानाचा नव्हे. पाहुण्याने विचारले नाही.

काही वाचक म्हणतील, हे समाजकार्य झाले, सुवार्ता कोठे राहिली? आम्ही येशूचे नाव लपवावे असे कधीही म्हणणार नाही. धर्मांतराच्या संशयाने आज वातावरण गढूळ आहे, म्हणून तर अधिकच सरळ बोलावे. पण भाताची पायली आणि बाप्तिस्म्याचे पाणी ही दोन्ही एका हाताने देऊ नयेत. दुष्काळाच्या काळात आपल्या मिशनांतून हे पथ्य सर्वत्र पाळले गेले नाही आणि त्याची निंदा आपल्याला अजून ऐकावी लागते. सहाव्या पौलांनी १९७५ साली सुवार्ता सांगण्याविषयी जे पत्र लिहिले, त्यात शब्दाआधी जीवनाची साक्ष ठेवली आहे. ती साक्ष आमच्यापाशी असली पाहिजे, नाहीतर कातकरी आमचे ऐकेल का, हा प्रश्नच उरत नाही. त्याने ऐकू नये.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रभरातून मदत आली. आमच्या धर्मग्रामांतूनही ब्लँकेटे, भांडी, धान्य गोळा झाले, तरुण मुले पावसात चिखल तुडवत गेली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण आपत्तीला धावून जाणे आम्हाला जमते, हिशेबाला बसणे जमत नाही, हेही तेव्हा पुन्हा जाणवले.

आमच्या प्रयत्नाची फुशारकी मारावी असे काही नाही. चार-पाच कुटुंबांच्या मदतीने एका कातकरवाडीत भात ठेवायला घेतला. पहिल्या वर्षी निम्माच परत आला. दुसऱ्या वर्षी उंदरांनी आमच्याआधी वाटा घेतला. तिसऱ्या वर्षी वाडीतल्या बायकांनी कणगी आपल्या ताब्यात घेतली, आम्हाला किल्लीसुद्धा ठेवू दिली नाही, आणि तेव्हापासून तिचे बरे चालले आहे. त्या वर्षी तीन जोडप्यांनी उचल घेतली नाही. बाकीच्यांनी घेतली.

गेल्या वैशाखात भट्टीवरून परतलेल्या एका म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीतून एक छोटी वही काढून आमच्यापुढे धरली. तिच्या नातीने दर आठवड्याच्या विटा पेन्सिलीने मांडल्या होत्या. ती सातवीपर्यंत शिकली आहे. ओसरीवर बसून आम्ही दोघे आणि ती मुलगी बेरीज करू लागलो. एकदा केली, पुन्हा केली. मालकाने सांगितलेल्या आकड्यात दोन आठवड्यांच्या विटा आल्याच नव्हत्या.

“मी सांगत व्हते ना,” आजी म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, “शेठकडं जायाचं तर तुमी येता का, बाबा?”

आम्ही मंगळवार सांगितला, सकाळच्या मिस्सानंतर. ती म्हणाली, मंगळवारी नको, मंगळवारी शेठ पनवेलला असतो. बुधवार ठरला.